गावभांड्यांची वही

वहीला लाल कापडाची बांधणी, आतून वाळवीने चाळणी केलेली.
पहिल्या पानावर वडिलांचं मोडीच्या वळणाचं अक्षर :
श्री मारुती प्रसन्न. गावभांडी. एकूण नग एकसष्ट.
डेगी दोन. हंडे सात. पराती अकरा, पैकी एक चिरलेली.
झारे चार, पळ्या पाच.
जाजम एक, कोपऱ्याला जळालेलं.
कुणाच्या लग्नात जळालं ते लिहिलेलं नाही.
गावाला माहीत होतं.

घरटी पायलीभर गहू जमवून
नाशिकच्या तांबट आळीतून आणली ही सगळी,
निफाडच्या पुढे कडवेच्या काठापर्यंत
बैलगाडीत ठणठणत.
प्रत्येक भांड्यावर नाव घालायला सांगितलं होतं : समस्त पंच.
तांबटाचा अनुस्वार राहिला.
समस्त पच.
एवढ्यासाठी पुन्हा नाशिकला कोण जाणार!
कोंडाजी बोरस्ते म्हणाले, बरंच झालं,
आता काहीही शिजवा, पचेल.

देताना वडील प्रत्येक भांड्याला टिचकी मारायचे
आणि कान लावायचे, वैद्याने नाडी बघावी तसे.
परत घेताना पुन्हा टिचकी.
चिंचेने घासून आणायचं,
आणि रिकामं आणायचं नाही :
तळाशी गुळाचा खडा, नाहीतर मूठभर डाळ.
आम्ही भावंडं त्या तळांवर डोळा ठेवून वाढलो.

रंभाजी गायखे, मुलीचं लग्न, डेगी २, हंडे ५. परत.
यसाबाई कडलग, वर्षश्राद्ध, परात १. परत, पोचा आला.
लहानू न्हावी, बारसं, पळी १.
(फक्त पळी. बाकी विचारायला लाजला. दुसऱ्या दिवशी मीच हंडा पोचवला.)

दसऱ्याआधी सिन्नरहून चांदभाई कल्हईवाले येत.
भाता, नवसागराचा पांढरा धूर, खोकणारी पोरं,
आणि काळ्या तळातून अचानक
कुणीतरी आरसा ओतावा तसं.
मी पहिल्यांदा माझं तोंड नीट पाहिलं
ते गावाच्या डेगीत, उलटं.

वेशीपलीकडच्या वस्तीचं एकही नाव नाही.
मी दोनदा शोधलं. बोट ठेवून, ओळ न ओळ.
त्यांच्याकडेही लग्नं झाली, माणसं गेली, पंगती बसल्या.
कशात शिजवलं,
वही सांगत नाही.
वडिलांना विचारायचं माझं वय झालं
तेव्हा वडील नव्हते.

मग हे एक पान. अक्षर आईचं,
दुसरीपर्यंत शिकलेलं, ओळ सोडून चढत जाणारं :
पाणी आलं. हे नाशकात आडकले. कुलूप मी तोडलं.
सगळी भांडी शाळेवर. सगळी माणसं शाळेवर.
खिचडी तीन दिवस.
वाढायला तुळसाबाई साळवे.
पळी १ तुळसाबाईकडे.

पुढे 'परत' नाही.

त्याखालच्या पानावर पुन्हा वडील, सरळ रेषेत :
पळी १, पुरात गेली. एकूण नग साठ.
दोन्ही पानं समोरासमोर येतात, वही मिटली की
एकमेकांवर टेकतात.
आईने खाडाखोड केली नाही. वडिलांनीही नाही.
त्याच घरात पुढे तीस वर्षं दोघं जेवली.

आता ओझरचा केटरर येतो,
स्टीलचे डबे, गॅसची शेगडी, मोजणी त्याची त्याच्याकडे.
भांडी देवळाच्या खोलीत. मोडीत काढायची का,
यावर ग्रामसभेत दोनदा चहा झाला.

परवा साळव्यांच्या प्रभाकरच्या घरभरणीला गेलो.
तुळसाबाईंचा नातू, तलाठी आहे येवल्याला.
नव्या ओट्यावर पातेलं, पातेल्यात जुनी पळी,
दांडा झिजून बारीक झालेला,
पण अक्षरं वाचता येत होती : समस्त पच.
प्रभाकरने माझी नजर पाहिली.
आजीची आहे, म्हणाला. नंतर थोडं थांबून,
आजी म्हणायची, कुणी मागायला आलं तर द्या.
कुणी आलंच नाही.

वही माझ्या पिशवीत होती. पेनही होतं.
मी वाटी पुढे केली.
आमटी चांगलीच तिखट होती.